स्केल कर रे भो!

"धंदा चांगला आहे त्याचा, पण स्केल होत नाही."

हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात चार जणांच्या तोंडून ऐकलं. चौघेही माझ्याच जातकुळीतले, म्हणजे इंजिनिअर, हिंजवडीत नोकरी, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पगार. चौघांपैकी एकानेही आयुष्यात कुणाला उधारीवर माल विकलेला नाही, आणि विकलेल्या मालाचे पैसे मागायला गेल्यावर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे ऐकत कुणाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेला नाही. तरी "स्केल" या विषयावर चौघांकडेही तयार मत होतं. आमच्या धुळ्यात स्केल म्हणजे अजूनही फूटपट्टी, आणि अनुभवाने सांगतो, त्या स्केलचा वापर जास्त विचारपूर्वक होतो.

आज शनिवार आहे, रिलीज नाही, तेव्हा सविस्तरच लिहितो.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो माझा कॉलेजातला मित्र. मेकॅनिकलवाला. आम्ही सगळे पुण्याची गाडी पकडत होतो तेव्हा हा जळगावच्या एमआयडीसीत एक पत्र्याचा शेड भाड्याने घेऊन तीन शिलाई मशिन टाकून बसला. पाठीवरच्या सॅक, सॅकवरचं पावसाळी कव्हर, कॅम्पिंगला लागणाऱ्या ताडपत्र्या, दोऱ्या-पट्ट्या असलं सामान शिवतो. कापड सुरतेहून येतं, बकल आणि झिपा मुंबईहून. जळगावच्या उन्हात टिकलं ते कुठेही टिकेल, हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते नुसतं जाहिरातीचं नाही. नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतं म्हणून तो खांद्याच्या पट्ट्याच काय, शिवणीचा दोराही पॉलिएस्टरचाच वापरतो. नवीन सॅकचा नमुना तयार झाला की मे महिन्यात शेडच्या पत्र्यावर दगड भरून ठेवून देतो. साल्हेर, लळिंग, तोरणमाळ करणाऱ्या ट्रेकिंग ग्रुपांमध्ये त्याचं नाव तोंडातोंडी पसरलं. चार वर्षांत तीनाची अकरा मशिन झाली. गेल्या वर्षी विक्री जवळजवळ दुप्पट झाली.

दुप्पट झाली, आणि मग मंडळी जागी झाली. एका मोठ्या दुकानसाखळीने त्याला यंदाच्या सगळ्या विक्रीएवढी एकच ऑर्डर देऊ केली. पैसे नव्वद दिवसांनी. पुण्यातले एक गुंतवणूकदारही भेटून गेले. त्यांना तीन वर्षांत दहापट झालेलं बघायचंय. मित्राने आमच्या ग्रुपवर विचारलं, काय करू? आणि चौघांनी एका सुरात उत्तर दिलं, विचार कसला करतोस, स्केल कर रे भो!

माझं म्हणणं या चौघांच्या बरोबर उलटं आहे. आणि ते "समाधानी राहा, हाव नको" छापाचं प्रवचन नाही, हे आधीच सांगतो. तसलं प्रवचन मलाही ऐकवत नाही. माझं म्हणणं हिशेबाचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी "वाढ" या शब्दाची सगळी समज आपल्या धंद्यातून उचललीय. आपल्याकडे एकदा कोड लिहिला की दहा हजारावा वापरणारा आणि अकरा हजारावा वापरणारा यांच्यात खर्चाचा फरक जवळपास नसतो. सर्व्हर वाढवले की झालं. वर, जितके लोक जास्त तितकं ते वापरणं सोयीचं होत जातं. अशा धंद्यात आधी तोटा खाऊन माणसं गोळा करणं याला निदान काही अर्थ असू शकतो. (असतोच असं नाही. २०२२मध्ये २२ अब्ज डॉलर किंमत लावलेली बायजूज २०२४मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात होती.) पण सॅकचं तसं नाही हो! अकरा हजारावी सॅकही पहिल्या सॅकइतकंच कापड खाते, तेवढीच झिप, तेवढेच टाके, आणि तेच टाके घालणारी बाई. माझ्याकडे ही सॅक आहे म्हणून तुमची सॅक जास्त सुखाने पाठीवर बसते असं काही होत नाही. उलट घाईत शिवलेली सॅक साल्हेरच्या पायऱ्यांवर पट्टा सोडते. आपल्याकडे बग आला तर पॅच टाकतो. तुटलेल्या पट्ट्यावर रात्री अडीच वाजता पॅच टाकून दाखवा.

आता हिशेब. मित्राचे खरे आकडे देत नाही, गोल आकडे घेतो. समजा वर्षाची विक्री १ कोटी. नफा १० टक्के, म्हणजे १० लाख. गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं, म्हणजे कुठल्याही दिवशी बघितलं तरी तीन महिन्यांची विक्री, २५ लाख रुपये, बाहेर. दोन महिन्यांचं कापड, झिपा, अर्धवट शिवलेला आणि पडून असलेला तयार माल धरला तर अजून १५ लाख. सुरतेचा व्यापारी महिनाभर थांबतो, म्हणून त्यातून ५ लाख वजा. म्हणजे १ कोटीचा धंदा चालवायला ३५ लाख रुपये कायम अडकलेले. यालाच खेळतं भांडवल म्हणतात. खेळतं कसलं, निवांत पडून असतं ते.

धंदा दुप्पट केला की हे ३५चे ७० लाख होतात. जास्तीचे ३५ लाख आणायचे कुठून? वाढलेल्या विक्रीवरचा सगळाच्या सगळा नफा, २० लाख, एक पैसा घरी न नेता, सरकारला कर न देता घातला तरी १५ लाख कमीच पडतात. नवी मशिन वेगळीच. मग बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यायची, घर तारण. पुढच्या वर्षी परत दुप्पट? आता ७० लाख हवेत, नफा ४० लाख, खड्डा ३० लाखांचा. म्हणजे धंदा नफ्यात आहे, ऑर्डरी ओसंडून वाहतायत, पेपरात फोटो आलाय, आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नाहीत. हे तोट्यातल्या धंद्याचं वर्णन नाही, जोरात वाढणाऱ्या धंद्याचं आहे. नेमका हा मुद्दा आमच्या चौघांच्या डोक्यात शिरत नाही, कारण पगारदार माणसाला विक्री आणि पैसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे कधी कळायची वेळच येत नाही.

याच आकड्यांवर उलटा हिशेब करून बघा. कर्ज न काढता हा धंदा जास्तीत जास्त किती वेगाने वाढू शकतो? उत्तर येतं वर्षाला ४० टक्के. कर आणि घरखर्च काढला की त्याहून बराच खाली. आणि आता गंमत बघा. गिऱ्हाइकाने नव्वदऐवजी पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले तर अडकलेली रक्कम साडेबावीस लाखांवर येते आणि तीच वेगमर्यादा ४०वरून ८० टक्क्यांवर जाते! एक मशिन न वाढवता, एक पैसा न गुंतवता. म्हणजे जो गुंतवणूकदार "वाढायला मी पैसे देतो" म्हणतो, त्याच्यापेक्षा जो दुकानदार वेळेवर पैसे देतो तो मोठा उपकारकर्ता. पण असल्या दुकानदाराचं लिंक्डइनवर कुणी कौतुक केलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि हे पंचेचाळीस दिवस मी हवेतून काढलेले नाहीत. २००६चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. त्यात लिहिलंय की छोट्या उत्पादकाशी लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत, आणि करार नसेल तर पंधराच दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद आली की मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही. तरीही मोठी दुकानसाखळी आरामात "नव्वद दिवस" म्हणते, आणि छोटा माणूस आरामात "हो साहेब" म्हणतो. तक्रार करायची सोय आहे. पण तक्रार केली की व्याज मिळेल आणि पुढची ऑर्डर जाईल, हे सगळ्यांना माहीत आहे. तर नव्वद दिवसांची ऑर्डर घेणं याला धाडस म्हणू नका. आपल्याहून शंभरपट मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देणं म्हणतात त्याला, आणि तेही स्वतः बँकेकडून व्याजाने काढून!

यावर चौघांपैकी एकाने मला ऐकवलं की, "ही खान्देशी मेंटॅलिटी आहे. तुम्हा लोकांना मोठं व्हायचंच नसतं."

आता मात्र डोकं फिरलं. जळगावात वाढलेल्या धंद्याचं उदाहरण हवंय? एवढं मोठं देतो की उचलवणार नाही.

धुळ्याहून जळगावला एसटीने या. पारोळा, एरंडोल, पाळधी करत गिरणा नदीच्या अलीकडे बांभोरीला आलात की रस्त्याच्या कडेला पाइपांचे डोंगर दिसतात. जैन इरिगेशन. कॉलेजच्या चार वर्षांत मी ते डोंगर एसटीच्या खिडकीतून किती वेळा पाहिले असतील याची गणती नाही. ठिबकची नळी म्हणजे सॅक नव्हे, मान्य. पण आमच्याकडे आउटडोअर म्हणजे शेत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, खारी-उंदरांच्या दातांत, वर्षानुवर्षं उघड्यावर पडून टिकायला हवं असं सामान या जिल्ह्याइतकं कुणी केलं नसेल.

ही कंपनी कशी वाढली ते नीट बघण्यासारखं आहे, कारण तिच्यात दोन वेगळ्या वाढी आहेत. भवरलाल जैन, ज्यांना जळगावात मोठे भाऊ म्हणतात, ते अजिंठ्याजवळच्या वाकोदचे. १९६३मध्ये घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे खतं, बियाणं, शेतीला लागणारं सगळं. १९७८मध्ये एक बंद पडत आलेला केळीच्या भुकटीचा कारखाना विकत घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. १९८०मध्ये पीव्हीसी पाइप. आणि ऐंशीचं दशक संपता संपता ठिबक. म्हणजे पहिल्या रॉकेलच्या डब्यापासून ठिबकपर्यंत पाव शतक! आजच्या भाषेत याला कुणी स्टार्टअप म्हणणार नाही. मात्र याच काळात त्यांनी एक गोष्ट अशी केली की जी मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात हुशारीची वाटते. त्यांनी शेतकऱ्याला नळी विकली नाही, पीक विकलं. नळीबरोबर बांधावर येणारा कृषी पदवीधर आला, नव्वदच्या दशकात ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चरची केळीची रोपं आली, पांढऱ्या कांद्याची करारशेती आली. जळगावची केळी आज जी आहे ती त्याच्यामुळे बरीचशी आहे. ही पहिली वाढ. गिऱ्हाइकाचा नफा वाढला म्हणून झालेली.

मध्येच नव्वदच्या दशकात शेतीबाहेरच्या धंद्यांत हात घातला होता. वित्त, ग्रॅनाइट वगैरे. हात भाजला, आणि मोठ्या भाऊंनी भागधारकांची जाहीर माफी मागून कंपनी परत शेतीवर आणली. (आजचे संस्थापक असल्या प्रसंगी "पिव्होट" केलं म्हणतात. असो.)

दुसरी वाढ त्यानंतरची. २००६मध्ये अमेरिकेतली चॅपिन घेतली, २००७मध्ये इस्राएलच्या नानदानमध्ये निम्मा हिस्सा, २०१२मध्ये उरलेलाही. इंग्लंडमधली खाद्यपदार्थांची कंपनी, तुर्कस्तानातली ठिबकची. २०१७मध्ये अमेरिकेतल्या दोन वितरक कंपन्यांचा मोठा हिस्सा, आणि त्याच वर्षी परदेशी बाजारात २० कोटी डॉलरचे रोखे. ठिबकमध्ये कंपनी जगात दुसऱ्या क्रमांकावर. २०१८-१९मध्ये एकत्रित विक्री आठ हजार कोटींच्या पुढे. त्या वेळी आमच्या कॉलेजात कुणाला विचारलं असतं की खान्देशात स्केल कुणी केलं, तर एकच बोट बांभोरीकडे गेलं असतं.

आणि २०१९मध्ये कर्जाचे हप्ते चुकले. पतमानांकन थेट "डी"वर. २०२०च्या मार्चमध्ये, कोविडच्या पडझडीत, शेअरची किंमत एक आकडी. विक्री जोरात घसरली. सावकारांशी वाटाघाटी करून कर्जाची फेरमांडणी पूर्ण व्हायला २०२२ उजाडलं. आणि त्या दुसऱ्या वाढीत जे जगभरातून गोळा केलं होतं, तो परदेशातला सिंचनाचा धंदा २०२३मध्ये रिव्हुलिसमध्ये विलीन झाला. कर्जाचा मोठा भाग त्यातून फिटला, बदल्यात त्या कंपनीत थोडा हिस्सा हातात राहिला. बांभोरीचे पाइपांचे डोंगर मात्र जागेवर आहेत.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल, म्हणजे काहीतरी भानगड असणार. तसला संशय घ्यायची आपल्याला भारी हौस. पण माझा मुद्दाच हा आहे की भानगड नसतानाही हे होतं. माल खरा होता, शेतात आजही चालतोय. मग अडकलं कुठे? तर वसुलीत. ठिबकच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी अनुदानाचा असतो. केंद्राच्या योजनेत छोट्या शेतकऱ्याला ५५ टक्के, इतरांना ४५, आणि महाराष्ट्र स्वतःची भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तमच. पण कित्येक वर्षं रीत अशी होती की कंपनीने माल द्यायचा, शेतकऱ्याने आपला हिस्सा भरायचा, आणि अनुदानाची वाट कंपनीने बघायची. नळी गेली शेतात, पैसे यायचे मंत्रालयातून. आणि मंत्रालय आपल्या दुकानसाखळीसारखं नव्वद दिवसांत देत नाही, फाइल फिरेल तेव्हा देतं. जितकी विक्री जास्त, तितकी येणी जास्त, तितकं कर्ज जास्त. २०१२च्या सुमारास कंपनीने ही उधारी आवरायचा प्रयत्नही केला. पण एकीकडे घरचं येणं अडकलेलं आणि दुसरीकडे बाहेर खरेदी चालू, या दोन्हींचं व्याज एकाच गल्ल्यातून जातं.

वरचा ३५ लाखांचा हिशेब आठवतोय? तोच आहे हा. फक्त शून्यं जास्त आहेत.

म्हणजे खान्देशी माणसाला मोठं होता येत नाही हे धडधडीत खोटं. तो मोठा झाला, जगभर झाला. त्याला जे नडलं ते लहान राहणं नव्हे.

याच जळगावातून निघालेल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेच्या शाखा एके काळी गावोगाव उघडत होत्या. भाईचंद हिराचंद रायसोनी हे नाव खान्देशात कुणाला सांगायला नको. तिची गोष्ट अगदी वेगळी, ती जैनांच्या शेजारी ठेवणं अन्यायाचं होईल. तिथे २०१५मध्ये अटका झाल्या, अवसायक आला, ठेवीदार हेलपाटे घालत बसले. पण एक धागा आहे. लोकांनी ठेवी ठेवल्या तेव्हा ताळेबंद वाचला नव्हता, शाखा मोजल्या होत्या. एवढ्या शाखा आहेत म्हणजे मजबूतच असणार! वाढ हाच पुरावा समजायची ही सवय निवृत्त शिक्षकाला असली तर त्याला भोळा म्हणतात. गुंतवणूकदाराला असली तर त्याला काय म्हणतात, ते तुम्हीच ठरवा.

बरं, खान्देश सोडा. अगदी सॅक आणि जॅकेटच्याच धंद्यातलं, अमेरिकेतलं उदाहरण घ्या, म्हणजे मंडळींना पटेल. पॅटागोनिया. इव्हॉन शुइनार्ड हा माणूस १९५७पासून गिर्यारोहणाच्या लोखंडी खुंट्या स्वतः ठोकून विकायचा. १९७०पर्यंत त्या धंद्यात तो अमेरिकेत सगळ्यात मोठा झाला. आणि मग लक्षात आलं की आपल्याच खुंट्यांनी कडे फुटतायत. तर १९७२मध्ये त्याने खुंट्यांपासून दूर जायचं ठरवलं आणि खडकाला इजा न करणाऱ्या चापांकडे वळला. म्हणजे ज्यावर पोट होतं तेच मोडीत काढायला घेतलं. हे सगळे सांगतात, छान गोष्ट आहे. १९९१ची गोष्ट मात्र कमी जण सांगतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याची कपड्यांची कंपनी, पॅटागोनिया, झपाट्याने वाढत होती आणि पुढचा सगळा बेत तीच वाढ चालू राहणार हे धरून केलेला होता. मंदी आली. विक्री घटली नाही बरं का, वाढलीच, फक्त ठरवल्यापेक्षा कमी. तेवढ्याने गोदामात माल साठला, बँकेने हात आखडता घेतला आणि ३१ जुलै १९९१ला १२० माणसांना घरी पाठवावं लागलं. दर पाचांतला एक. नफा-तोट्याचा प्रश्नच नाही, वेगाच्या अंदाजात चूक, आणि १२० घरं.

त्यानंतर त्या कंपनीने वाढीला लगाम घातला. २०११मध्ये तर पानभर जाहिरात दिली की हे जॅकेट विकत घेऊ नका. फाटलेलं शिवून द्यायचा मोठा विभाग चालवला. आणि २०२२मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरची ही कंपनी शुइनार्ड कुटुंबाने एका ट्रस्टला आणि पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. हळू चालूनही ती तिथे पोचली होती. शेअरबाजारात ती कधीच गेली नाही, त्यामुळे दर तीन महिन्यांनी "वाढ किती?" विचारणारा कुणी दारात नव्हता.

"पण विप्रो?" हा पुढचा बाण. अंमळनेरचं नाव निघालं की आमच्या ग्रुपवर सगळ्यांची छाती फुगते. फुगू दे. पण विप्रोची कहाणी नीट वाचा राव! २९ डिसेंबर १९४५ला अंमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण. १९६६मध्ये वडील वारले म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्ड सोडून आले. संगणकाकडे वळायला १९८०च्या आसपास. म्हणजे पस्तीसेक वर्षं तेल आणि साबण, आणि त्यातून येणारा रोख पैसा. अंमळनेरच्या ज्या घरांकडे जुने शेअर होते ती कोट्यधीश झाली हे खरंय, पण ती तीन वर्षांत दहापट मागणारी घरं नव्हती. कपाटात कागद ठेवून, बोनस शेअर घेत, दोन पिढ्या थांबलेली घरं होती. विप्रो हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे. चौघांनी आपलं दुसरं शोधावं.

शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे, म्हणून त्याला खरं उत्तर देतो. "तू हळू चाललास तर दुसरा कुणी येऊन बाजार खाईल." येईल काय, आलाय! फ्रान्सची डिकॅथलॉन काही शे रुपयांत पाठीवरची छोटी बॅग देते. स्वतः डिझाइन करते, जगभरात बनवून घेते, स्वतःच्याच दुकानांत विकते. माझा मित्र अकराची एकशेदहा मशिन करू दे, नाहीतर अकराशे, त्या किमतीला तो पोचणार नाही. मग जिथे जिंकणं शक्यच नाही त्या शर्यतीत घर तारण ठेवून का उतरायचं? त्याच्याकडे जे आहे ते वेगळं आहे. त्याची सॅक फाटली की कुरिअरने जळगावला जाते आणि आठवड्यात शिवून परत येते. मी स्वतः सात वर्षांपूर्वीची, म्हणजे त्याने कॉलेजात हौसेने शिवलेली सॅक अजून वापरतो. पट्टा दोनदा बदललाय, पैसे घ्यायला तयार नव्हता. हे अकरा मशिनवर जमतं, वीसवरही जमेल. दुकानसाखळीत विकलेल्या दहा हजार सॅकवर जमणार नाही, कारण तिथलं गिऱ्हाईक सॅक परत देतं ती दुकानाला, ट्रेक करून, चिखलासकट, आणि दुकान ती रक्कम कापतं मित्राच्या बिलातून. करारात तसं कलमच आहे. मी वाचलंय. चौघांनी वाचलेलं नाही.

गुंतवणूकदाराचे पैसे घेऊन हा खड्डा भरता येईल, हेही ऐकलं. येईल की. पण त्यांचं प्रेम सॅकवर नाही, दहापटीवर आहे. पाचपट झाली तरी ते नाराजच. त्यांची वीस कंपन्यांत गुंतवणूक, त्यातल्या अठरा बुडाल्या तरी दोन त्यांना तारतात, असा त्यांचा रीतसर हिशेब आहे आणि त्यात काही गैर नाही. पण मित्राची कंपनी एकच आहे. आणि शेडमधल्या ज्या बायका मेहरूण आणि कुसुंब्याहून सकाळी नवाला येतात, त्यांच्याही नोकऱ्या प्रत्येकी एकच आहेत.

तर मी त्याला काय सांगितलं? एक तृतीयांश ऑर्डर घे. निम्मे पैसे आगाऊ माग, उरलेले पंचेचाळीस दिवसांत, कायद्याचं कलम करारात लिहून. परत आलेल्या मालाचं कलम काढायला लाव. चार मशिन वाढव, अकरा नको. नाही म्हणाले तर नाही.

त्याने त्यांना तसं पत्र पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. चौघांच्या मते येणारही नाही. दरम्यान नाशिकच्या एका ग्रुपची साठ सॅकची ऑर्डर आलीय, पूर्ण पैसे आगाऊ, आणि सुरतेचं कापड परवाच्या भुसावळ गाडीने उतरलंय.